पत्ताबदलू काका

आमच्या नवीन पनवेलच्या सोसायटीतले काका निवृत्त झाले आणि राउटरच्या मागे लागले. 2022 च्या सप्टेंबरात महसा अमिनीच्या मृत्यूनंतर इराण पेटला, सरकारने इंटरनेट आवळलं. काकांनी ब्राउझरमध्ये टोर या ओळख लपवणाऱ्या जाळ्याचं ‘स्नोफ्लेक’ बसवलं ते तेव्हा. जिथे टोरची वाट अडवलेली असते, तिथला माणूस अशा हजारो स्वयंसेवकांच्या घरगुती जोडणीवरून आत शिरतो.

“पाणपोई आहे हो ही. कोण प्यायलं, विचारायचं नाही.”

विचारून कळणारही नसतं. खूण हिरवी होते आणि चोवीस तासांत कितीजण आले तो आकडा दिसतो, बस्स. सकाळी जिन्यात भेटले की आधी आकडा, मग नमस्कार. “पोलीस नाही ना येणार?” असं शेजारच्या वहिनींनी विचारलं, तर अर्धा तास उभं करून समजावलं, की समोरच्या वेबसाइटला आपला पत्ता दिसत नाही, टोरच्या शेवटच्या टप्प्याचा दिसतो. वहिनींचं दूध उतू गेलं.

वीज गेली की बिल्डिंग चरफडते. काका खूश! “बरं झालं. आता राउटर उठेल तो नवा आयपी घेऊन. काल आपल्याला अडवलं असेल, तर आज पुन्हा शोधा म्हणावं!” वीज गेलीच नाही तर स्वतःच बटण बंद करतात, नेमकं काकूंच्या मालिकेत.

“अहो, तुमचा तो इराणी पण लटकला की!”

“त्याला लगेच दुसरा स्वयंसेवक मिळतो.”

“मला नाही मिळत,” काकू म्हणतात.

मग उषा मेहता निघतात. 1942 चा काँग्रेस रेडिओ, मुंबईत जागा बदलत बदलत पोलिसांना जवळजवळ तीन महिने कसा चकवला वगैरे. नोव्हेंबरातल्या अटकेपाशी आवाज कापरा होतो, दर वेळी. तिथून गाडी शिरढोणच्या वासुदेव बळवंतांवर येते, कारण ते “आपल्या पनवेलचे”. चहा निवतो.

एवढं सगळं खरं. पण टपाल नाक्यावरचं घर सोडून इतकी वर्षं झाली, तरी काकांच्या आधार कार्डावर, गॅसच्या पुस्तकावर, बँकेत अजून तोच पत्ता आहे. दर महिन्याला काकू रिक्षा करून जुन्या शेजाऱ्यांकडून पत्रं घेऊन येतात. काकांना म्हटलं, बदला आता. तर म्हणाले, “फार कटकट असते हो त्यात.”