फिरलेले वासे

घर फिरलं की घराचे वासेही फिरतात, असं आपल्याकडे म्हणतात. आमच्या या घराला तर चाकंच होती. वाशांना नावं ठेवण्यात अर्थ नाही.

हे घर म्हणजे ओहायोतल्या आमच्या गॅरेजमध्ये नवऱ्यानं स्वहस्ते बांधायला घेतलेला टिअरड्रॉप ट्रेलर. चार फूट रुंद, आठ फूट लांब. आत दोघांनी झोपायचं, मागचं झाकण उघडलं की स्वयंपाकघर. अमेरिकेत हा प्रकार जुना आहे. सप्टेंबर १९४७ मध्ये ‘मेकॅनिक्स इलस्ट्रेटेड’ मासिकानं याचा नकाशा छापला आणि हौशी मंडळींनी घरोघरी ठोकाठोक केली. मापं प्लायवूडच्या अख्ख्या तावाची, चार बाय आठ, म्हणजे करवत कमी चालवावी लागते. ज्यांच्या हातात करवत कमीच असलेली बरी, अशांची कुणीतरी तेव्हापासून काळजी घेतली आहे.

छतासाठी नवऱ्यानं दोन बाय दोनच्या पट्ट्या आणल्या. इथे दोन बाय दोन म्हणजे प्रत्यक्षात दीड बाय दीड इंच. ही लबाडी उघड आणि सर्वमान्य आहे. पट्ट्यांवर ‘ड्राय’ असा शिक्का होता. या शिक्क्याखाली १९ टक्क्यांपर्यंत ओलावा चालतो. नवऱ्यानं शिक्का वाचला, टक्के वाचले नाहीत. वासे स्क्रूनं पक्के झाले आणि मग गॅरेजच्या उकाड्यात तो ओलावा सावकाश निघून गेला. लाकूड सगळीकडून सारखं आकसत नाही. वर्षवलयांच्या कडेकडेनं ते जेवढं आकसतं, ते गाभ्याच्या दिशेनं आकसण्याच्या साधारण दुप्पट असतं. त्यात खोडाच्या अगदी मधली पट्टी वाट्याला आली, की ती चकलीसारखी पिळवटते. हे सगळं ज्ञान नवऱ्यानं मला दिलं ते वासे वाकल्यावर. माणूस अभ्यासू आहे, फक्त अभ्यास परीक्षेनंतर करतो.

पंख्यासाठी छताला १४ इंची चौकोनी भोक ठेवलं होतं, त्याच्या आजूबाजूला छत खचलं. सगळ्यात मागचा वासा असा पिळला होता, की झाकण एका कोपऱ्यात टेकायलाच तयार नाही. त्या फटीतून माझा अख्खा पंजा आत जात होता. स्वयंपाकघर माझ्या वाट्याचं, म्हणून फटही माझ्याच वाट्याची.

मग उपचार सुरू झाले. ओली फडकी गुंडाळून झाली, क्लॅम्प आवळून झाले. शेवटी सुटी केलेली एक पट्टी दोन विटांवर ठेवून तिच्यावर बासमतीचं पोतं आलं. पोतं असेपर्यंत पट्टी शहाण्यासारखी सरळ, उचललं की मूळ स्वभावावर. त्या काळात आम्ही पोळ्यांवर राहिलो.

अशात सासरे आले. त्यांची हयात एसटीच्या दापोडी वर्कशॉपमध्ये बसच्या बॉड्या बांधण्यात गेलेली. चहा न घेताच गॅरेजमध्ये गेले आणि छताच्या या कडेपासून त्या कडेपर्यंत दोरा ताणून त्याच्याखाली मोजपट्टी उभी धरली.

“चार सूत उतरलंय,” ते म्हणाले. चार सूत म्हणजे अर्धा इंच.

“बाबा, लेझर लेव्हल आहे माझ्याकडे.”

“असू दे. वाकडं दाखवायला दोरा पुरतो.”

मग एकेक वासा डोळ्यासमोर धरून, दुसरा डोळा मिटून त्यांनी तपासला आणि फुगलेल्या बाजूला पेन्सिलीनं फुली मारली. “पाठ वर, पोट खाली. वासा बसवताना एवढंच बघायचं असतं रे.” नवऱ्यानं ते लोकशाहीवर सोडलं होतं, निम्म्यांची पाठ वर, निम्म्यांची खाली. फार पिळलेले वासे काढून टाकले. उरलेल्यांच्या कडेला नवे जोडायचं ठरलं. प्लायच्या पातळ पट्ट्या थरावर थर चिकटवल्या आणि फळीवर ठोकलेल्या ठोकळ्यांत दाबून वाळवल्या. असे थर एकमेकांना धरून ठेवतात, कुणा एकाचा हट्ट चालत नाही. हे नवे वासे गोंद आणि स्क्रू लावून जुन्यांना जखडले, वर आलेल्या जागी रंधा मारला.

“वाकड्याला सरळ करत बसायचं नाही. त्याच्या शेजारी खमकं कुणीतरी उभं करायचं,” सासरे म्हणाले आणि माझ्याकडे बघून एकदम गोंदाची बाटली शोधायला लागले.

नवऱ्याला रुंदीत छत अगदी सपाट हवं होतं. नकाशात तसं होतं.

“एसटीचं छत कधी सपाट बघितलंस? पाणी साचलं की पत्र्याखाली लाकूड कुजलंच. कधीचा नकाशा म्हणालास?”

“१९४७.”

“म्हणजे आमच्या एसटीहून वर्षानं मोठा. पहिली गाडी १ जून १९४८ ला सुटली, पुणे ते नगर. तिचीही बॉडी लाकडीच होती.” असं म्हणून त्यांनी छत मधोमध चार सूत वर घेतलं. झाकण आता ‘खट्’ करून बसतं.

सगळं झाल्यावर ते आत आडवे पडले, छताकडे बघितलं आणि म्हणाले, “घंटीची दोरी कुठाय?”

ओहायोत अशा चालत्या ट्रेलरमध्ये माणसानं बसायला कायद्यानं बंदी आहे. आत कुणी नसताना घंटी कोण मारणार, असं मी विचारलं. बापलेकांनी माझ्याकडे एकाच नजरेनं बघितलं. नवऱ्यानं ड्रिल चार्जिंगला लावलं आहे. दोरी वाशांतून ओवावी असं त्याचं म्हणणं. माझ्या वाशांना भोक पाडलंस तर मी पुढच्या विमानानं परत जाईन, असं सासऱ्यांचं.