फोटोतला नवरा, धक्क्यावरचा नवरा

अहो, ऐकलंत का? ते हवाईतले कोरियन हो! १९०३ च्या जानेवारीत 'गेलिक' बोटीनं १०२ जण होनोलुलूला आले, उसाच्या मळ्यात राबायला, ते ठाऊकच आहे तुम्हाला. पुढच्या दोन-अडीच वर्षांत सातेक हजार झाले. बहुतेक बाप्येच, आणि त्यातले कितीतरी सडे. मग लग्नं कशी व्हायची? फोटोवर! इकडून फोटो धाडायचा, तिकडून मुलगी बोटीत बसायची. पण फोटो कुठले? ऐन पंचविशीतले! सूट घातलेला, केस चापूनचोपून बसवलेले. आणि धक्क्यावर उभा कोण, तर उन्हानं रापलेला, चाळिशीचा गृहस्थ. पोरगी जेमतेम अठराची. फोटो बघतेय, माणूस बघतेय, परत फोटो... चेहरे असे पडले म्हणता! कित्येकींचं रडू थांबेना. परत तरी कशा जाणार? तिकीट त्यानंच काढलेलं ना.

तर काय सांगत होते... हां, त्या बायका. अमेरिकेच्या १९२४ च्या स्थलांतर कायद्यानं वाट बंद होईपर्यंत अशा शेकड्यांनी आल्या. पण खमक्या हो! मळ्यात सडायचं नाही म्हणाल्या. होनोलुलूत खानावळी काढल्या, लोकांचे कपडे धुतले, पोरं शिकवली. वर कोरियाच्या स्वातंत्र्यासाठी पदरमोड. ते पैसे सिंगमन री यांच्या गटाला द्यायचे की पाक योंग-मान यांच्या, यावरून चर्चमध्येसुद्धा तोंडं फिरवलेली. देश पारतंत्र्यात, आणि यांचं आपलं... जाऊ दे.

पोरं मात्र पक्की अमेरिकन. आईनं कोरियनमध्ये हाक मारावी, पोरानं इंग्लिशमध्ये ओ द्यावी. पुढे सून चिनी, जावई गोरा, असं सुरू झालं. आणि एखादीनं जपानी जावई आणला की? ज्या जपाननं देश गिळला, त्याच घरचा! त्या आईचं तोंड कसं झालं असेल, तुम्हीच बघा.

नातवंडांनी पांग फेडले म्हणा. रोनाल्ड मून १९९३ साली हवाईचे चीफ जस्टिस झाले. आजोबा त्या पहिल्या मजुरांतले!

खरी गंमत पुढेच. १९६५ नंतर कोरियातून नवी मंडळी आली, शिकलीसवरली. इथल्या जुन्यांना कोरियन धड बोलता येईना. आणि ते मीट जून! बीफचे पातळ काप अंड्यात बुडवून तळलेले, शेजारी भाताचे दोन गोळे आणि चक्क मॅकरोनी सॅलड. सोलहून आलेली बाई ताटाकडे बघतच राहते, "हे कोरियन?" समोरचा चौथ्या पिढीतला, मिटक्या मारत म्हणतो, "आमच्याकडे असंच करतात." आता बोला!