आधी दात मोजा

धानाची कापणी आटोपली की भंडाऱ्याकडच्या झाडीपट्टीत शंकरपटाचे, म्हणजे बैलांच्या शर्यतींचे, वेध लागतात. पटाचा बैल घ्यायचा म्हणजे गंमत नाही. घेणारा आधी जबडा उघडून दात मोजतो. मग खूर, वशिंड, अंगावरचा भोवरा. चार पावलं चालवून बघतो. भाव ठरतो रुमालाखाली, बोटांनी. एवढं करूनही रात्री झोप नाही: ऐन पटात बुजला तर?

तिकडे बोली लागते ती खेळाडूंवर. २०२४ मध्ये हॉकी इंडिया लीगच्या लिलावात हरमनप्रीत सिंग ७८ लाखांना गेला. पॅरिस ऑलिंपिकमध्ये त्याचे १० गोल. सौदा स्वस्तच म्हणायचा. क्रिकेटवाल्यांची ऐट वेगळी. आयपीएलच्या लिलावात लखनऊने ऋषभ पंतसाठी २७ कोटी मोजले. २०२५ च्या हंगामात त्याच्या एकूण धावा २६९, त्यातल्या नाबाद ११८ शेवटच्या सामन्यात, म्हणजे संघ स्पर्धेबाहेर गेल्यावर! आणि तोही सामना बेंगळुरूने जिंकला. कुणी जिंकवला? आपल्या अमरावतीच्या जितेश शर्माने, ३३ चेंडूंत नाबाद ८५. किंमत ११ कोटी.

संघमालकहो, पुढच्या लिलावाला लॅपटॉपवाल्यांसोबत आमच्याकडचा एखादा दलालही न्या. रुमाल तो स्वतःचा आणेल.