विनापदवी डॉक्टर मोती यांस

मा. मोती,
मुक्काम पोस्ट साक्री, जिल्हा धुळे.



पत्रास कारण की, आपल्याविरुद्ध तक्रार आली आहे. आपल्याकडे एमबीबीएस नाही, बीएएमएस नाही, दाराला पाटीसुद्धा नाही. तरीही साक्रीतल्या एका निवृत्त गुरुजींवर, म्हणजे आप्पांवर, आपण रोज पहाटे उपचार करता. डॉक्टरांनी साखरेचा रिपोर्ट पुढे ठेवून 'रोज चाला' म्हटलं, तेव्हा आप्पांनी मान डोलावली आणि गोळ्या तेवढ्या सुरू केल्या. मुलाने पुण्याहून पावलं मोजणारं घड्याळ पाठवलं, ते कपाटात पडलं आहे. आपण मात्र साडेपाचला पलंगाशी येऊन ओलं नाक त्यांच्या तळहाताला लावता आणि तरी नाही उठले तर चादर ओढता. रिपोर्टची घडी घालता येते. लघवी लागलेल्या कुत्र्याला 'उद्यापासून' असं सांगता येत नाही.

ही शुद्ध जबरदस्ती आहे. आणि ती लागू पडते, हे आणखी वाईट.

मोठ्या माणसाने आठवड्याला किमान १५० मिनिटं तरी झपझप चालण्यासारखा व्यायाम करावा, असं जागतिक आरोग्य संघटना सांगते. लिव्हरपूल विद्यापीठाच्या संशोधकांनी २०१९ मध्ये ब्रिटनमधली कुटुंबं तपासली, तर कुत्रा पाळणाऱ्यांत हे माप पूर्ण होण्याची शक्यता इतरांच्या चौपट निघाली. स्वीडनमध्ये ४० ते ८० वयाच्या ३४ लाख लोकांच्या नोंदी पाहिल्या गेल्या. २०१७ च्या त्या अभ्यासात एकट्या राहणाऱ्यांपैकी ज्यांच्याकडे कुत्रा होता, त्यांचा मृत्यूचा धोका ३३ टक्क्यांनी कमी दिसला. अर्थात, मुळात धडधाकट माणसंच कुत्रा पाळत असतील, ही शंका उरतेच. तेव्हा सगळं श्रेय लाटू नये.

शिवाय माणसाने कुत्र्यासोबत चालण्याचा शोध आपला नव्हे. साक्री तालुक्यातले ठेलारी मेंढपाळ पिढ्यानपिढ्या कुत्र्यांबरोबर चालत आले आहेत. घोड्यावर बिऱ्हाड, पुढे मेंढरं आणि कडेने लांडग्याचा वास घेत जाणारा कुत्रा. त्यांना कोणी 'वेलनेस'चं प्रमाणपत्र दिलं नाही. चराईसाठी कोसच्या कोस तुडवणाऱ्याला चालण्याचे फायदे सांगायला जाणं म्हणजे आगाऊपणाच.

आपल्यावर दुसरा आरोप गप्पांचा आहे. निवृत्तीनंतर घरात मुके झालेले आप्पा आता दर खांबापाशी थांबतात, कारण आपण थांबता. दूधवाला विचारतो, "कथा चालनात आप्पा?" म्हणजे, कुठे निघालात? मग पाऊस, कांद्याचा भाव, कोणाची सून बाळंत झाली, असं सगळं निघतं. मधुमेहाच्या गोळीसोबत असला जोडउपचार कोणताही मेडिकलवाला देत नाही.

आता आपल्या बाजूचंही ऐकायला हवं. सुरत-धुळे महामार्गावर ट्रक धावत असताना आपल्याला कडेने फिरवणं हा व्यायाम नव्हे, जुगार आहे. एप्रिल-मेमध्ये पारा चाळिशी ओलांडतो. हाताची पालथी बाजू डांबरावर पाच-सात सेकंद टेकवून ठेवता येत नसेल, तर आपल्या पंजांनाही तिथे नेऊ नये. आणि ज्यांनी खानदेशच्या उन्हात सैबेरियाचा हस्की आणून गच्चीवर बांधला आहे, त्यांना वेगळं पत्र लिहावं लागेल. मांजर दिसताच आपण मारता त्या हिसड्याचीही नोंद व्हावी: अमेरिकेत पट्टा धरून कुत्रा फिरवताना हाड मोडून दवाखान्यात आलेल्या ६५ वर्षांपुढच्यांची संख्या २००४ ते २०१७ या काळात दुपटीहून जास्त वाढली. म्हणून पट्टा मनगटाला गुंडाळू नये, हे आप्पांना कोणीतरी सांगावं.

रेबीजबद्दल मात्र थट्टा नाही. माणसाला होणाऱ्या रेबीजपैकी ९९ टक्क्यांपर्यंत प्रकरणांत कारण कुत्रा असतो आणि लक्षणं दिसू लागल्यावर रोगी जवळजवळ कधीच वाचत नाही. आपली लस वेळेवर टोचलेली हवी. गल्लीतल्या कुत्र्याशी झालेल्या झटापटीत आप्पांना दात लागला, तर हळद-मिरची न भरता जखम साबण-पाण्याने १५ मिनिटं धुवावी आणि त्याच दिवशी सरकारी दवाखाना गाठावा.

सबब, आपणांस ताकीद देण्यात येते की, उद्या पहाटे आप्पांनी "आज गुडघा दुखतोय" असं म्हटलं, तर आधी गुडघा खरंच सुजलाय का ते पाहावं. सुजला नसेल तर चादर ओढावी.

कळावे.