इडली बंद, कोंबुचा चालू

आधी साखर जाते. तिच्यामागोमाग गूळ, मध, खजूर. मग केळं आणि चिकू. आठवड्याभरात पाव, बिस्किटं, इडली, डोसा, ढोकळा आणि चीज यांचीही रवानगी होते आणि फ्रिजच्या दारावर चुंबकाखाली एक कागद लागतो. त्यावर ठसठशीत अक्षरांत लिहिलेलं असतं : ‘यीस्ट डाएट’. तळेगाव दाभाड्याच्या स्टेशन भागात एखाद्या सोसायटीचे चार मजले चढून गेलं, तर असा कागद असलेलं एखादं घर सापडायला हरकत नाही. गंमत अशी की, एके काळी मुंबईची माणसं हवापालटासाठी तळेगावात येत, ती इथल्या हवेत भूक चांगली लागते म्हणून.

कागद लावणाऱ्या काकूंना भेटायला गेलं की त्या खालच्या आवाजात सांगतात, “अंगात यीस्ट वाढलंय.” लक्षणं विचारावीत, तर थकवा, पोट फुगणं, दुपारी झोप, रात्री जाग, विसराळूपणा, चिडचिड, आणि गोड खावंसं वाटणं. या यादीत न बसणारा माणूस अख्ख्या मावळात सापडायचा नाही. काका तर सगळ्याच खान्यांत बसतात. पण त्यांनी तपासणीला साफ नकार दिलेला असतो.

तपासणी म्हणजे थुंकीची. सकाळी उठल्याबरोबर, चूळही न भरता, काचेच्या पेल्यातल्या पाण्यात थुंकायचं आणि बघत बसायचं. थुंकीतून धागे खाली लोंबले की यीस्ट झालंच म्हणून समजायचं. मुळात लाळेत म्युसिन नावाचं चिकट द्रव्य असतं, रात्रभरात तोंड कोरडं पडून लाळ दाट होते, आणि दाट लाळ पाण्यात टाकली की तिचे धागे होतातच, यीस्ट असो वा नसो. थोडक्यात, या परीक्षेत नापास व्हायचीच सोय आहे. लोकांकडून एकेक पैसा गोळा करून उभ्या राहिलेल्या पैसा फंडाचा काच कारखाना १९०८ साली याच तळेगावात निघाला. देशी काच तयार व्हावी ही त्यामागची जिद्द. त्या गावात काचेच्या पेल्यावर अशी वेळ यावी!

हे खूळ इथलं नाही. १९८३ साली अमेरिकेत दोन डॉक्टरांची दोन पुस्तकं आली, एक ओरियन ट्रस यांचं आणि दुसरं विल्यम क्रुक यांचं. दोघांचं म्हणणं साधारण एकच : कँडिडा नावाचं यीस्ट आतड्यात माजतं आणि थकव्यापासून उदासीपर्यंत सगळं काही तेच घडवतं. कँडिडा आतड्यात असतं हे खरं, पण ते पुष्कळशा धडधाकट माणसांतही गुण्यागोविंदाने राहत असतं. अमेरिकेतल्या ॲलर्जीतज्ज्ञांच्या संघटनेने १९८६ सालीच ‘याला पुरावा नाही’ असं जाहीर केलं. १९९० साली तर चक्क प्रयोग झाला. हा आजार असल्याचं मानल्या गेलेल्या ४२ स्त्रियांना आळीपाळीने यीस्ट मारणारं औषध आणि नुसती बनावट गोळी देण्यात आली. थकवा, उदासी वगैरे तक्रारी दोन्हींनी सारख्याच कमी झाल्या. पुस्तकं मात्र खपत राहिली. ‘तुमचा थकवा कशाने आहे ते नक्की सांगता येत नाही’ असं म्हणणाऱ्या पुस्तकाला गिऱ्हाईक कुठून मिळणार?

मग काकूंना बरं वाटतं ते का? वाटतं, आणि ते खोटंही नसतं. साखर, मैदा, बेकरी आणि रात्री अकराचं फरसाण एकदम सुटल्यावर कोणाला बरं वाटणार नाही? श्रेय तेवढं यीस्टच्या खात्यावर जमा होतं.

खरी करमणूक यादी बारकाईने वाचताना होते. पाव बंद, कारण त्यात यीस्ट. पण पावातलं यीस्ट वेगळ्या जातीचं, आणि भट्टीतून बाहेर येईपर्यंत ते मेलेलं असतं. इडली बंद, कारण ती आंबवलेली, आणि तिच्यातल्या यीस्टलाही वाफेवर तेच मरण. पण त्याच कागदाच्या दुसऱ्या रकान्यात, ‘चालेल’ या मथळ्याखाली, ॲपल सायडर व्हिनेगर असतं. ते होतं कसं, तर सफरचंदाच्या रसातली साखर आधी यीस्टला खाऊ घालून. त्याखाली कोंबुचा. तो म्हणजे साखरेच्या चहात जिवाणू आणि यीस्ट यांचा एकत्र संसार, तोही न उकळलेला, जिवंत. म्हणजे उडप्याच्या हॉटेलातली वाफाळती इडली घातक, आणि पुण्याहून महागड्या बाटलीत येणारं जिवंत यीस्ट औषधी.

याहून वरताण प्रकार औषधाच्या दुकानात आहे. जुलाबावर किंवा अँटिबायोटिकच्या जोडीला डॉक्टर पुष्कळदा एक पुडी देतात. तिच्यावर ‘सॅकरोमायसिस बुलार्डी’ असं लिहिलेलं असतं. ते शुद्ध यीस्ट. १९२०च्या दशकात आंरी बुलार नावाच्या फ्रेंच शास्त्रज्ञाने आग्नेय आशियात पाहिलं की, कॉलऱ्याच्या साथीत काही लोक लिची आणि मँगोस्टीनच्या सालींचा काढा पितात. त्या सालींवरून त्याने ते मिळवलं. ही पुडी काकूंनी नातवाला अनेकदा पाजलेली असते. ती कशाची आहे हे त्यांना कोणी सांगू नये.

आता यीस्ट कुणालाच होत नाही असं मात्र नाही. जे खरोखर होतं, त्याला मावळात फार जुनी, घरगुती नावं आहेत आणि ती फ्रिजवरच्या कागदावर कधी येत नाहीत. पाठीवर, छातीवर पांढुरके डाग उठतात ती शिबं. डोक्यातला कोंडा. बोटांच्या बेचक्यांत कातडी पांढरी पडून सोलते त्या चिखल्या. लोणावळ्याला वर्षाकाठी चार हजार मिलीमीटरच्या आसपास पाऊस कोसळतो. तळेगावला त्याहून पुष्कळ कमी, पण दोरीवरचा बनियन तीन दिवस ओला राहायला तेवढा पुरतो. या दिवसांत बुरशीला कोणाच्या आतड्याची गरज नसते, मोजे पुरतात.

चिखल्या पूर्वी इंद्रायणी भाताच्या लावणीत व्हायच्या. दिवसभर खाचरात पाय बुडलेले, म्हणून बायका लावणीच्या दिवसांत तळपायांना आणि बेचक्यांत मेंदीचा पाला वाटून लावायच्या. आता खाचरं कमी झाली, एमआयडीसी वाढली आणि चिखल्या सेफ्टी शूजमध्ये राहायला गेल्या. बारा तास बंद बुटात घामेजलेला पाय हा चिखलातल्या पायाहून फार वेगळा नसतो. चिखल्यांत कधी यीस्ट असतं, कधी गजकर्णाची बुरशी, कधी जिवाणू, आणि पुष्कळदा तिघं मिळून. पाय कोरडे ठेवणं हा त्यातला अर्धा इलाज. तळेगावच्या फुलशेतीतल्या गुलाबवाल्याला हे वेगळं सांगावं लागत नाही. पॉलिहाउसमध्ये भुरी दिसली की तो आधी दमटपणा बघतो, पडदे वर करतो, हवा खेळवतो. गुलाबाची साखर कोणी बंद केल्याचं ऐकिवात नाही.

शिबं आणि कोंडा यांची कथा तर आणखी मजेदार. दोन्हींमागे मॅलॅसेझिया नावाचं यीस्ट आहे आणि ते साखरेवर नाही, तेलावर जगतं. प्रयोगशाळेत ते वाढवायचं तर बशीत ऑलिव्ह तेल घालतात. इकडे घरोघरी आई मुलाच्या डोक्यात कोंडा दिसला की म्हणते, “डोकं कोरडं पडलंय, बस इथे,” आणि वाटीभर तेल थापते. यीस्टला याहून प्रेमळ यजमान मिळायचा नाही. औषध आहे साधंच, केटोकोनॅझोलचा शाम्पू. तो लगेच न धुता पाच मिनिटं डोक्यावर ठेवायचा असतो, आणि नेमक्या तेव्हाच टाकीतलं पाणी जातं.

घरगुती इलाजांची टवाळी करणं सोपं आहे, पण ती सरसकट करू नये. पावसाळ्यात मावळात रानोमाळ उगवणारा टाकळा भाजीत खातात आणि त्वचेच्या रोगांवर लावतात. आयुर्वेदातही तो याच कामासाठी नावाजलेला. लसणाचा रस काचेच्या बशीतल्या कँडिडाला खरोखर मारतो. खोबरेल तेलातली काही आम्लंही मारतात. अडचण एवढीच की काकू म्हणजे काचेची बशी नव्हे. ऑस्ट्रेलियात मेलबर्नच्या संशोधकांनी स्त्रियांना दोन आठवडे लसणाच्या गोळ्या आणि बनावट गोळ्या देऊन पाहिल्या. यीस्टच्या वाढीत लक्षात येईल असा फरक पडला नाही. वासाचा पडला असावा. त्याच शहरात अँटिबायोटिकनंतर होणारा यीस्टचा त्रास टाळायला लॅक्टोबॅसिलसचे जिवाणू तोंडावाटे आणि स्थानिकही देऊन पाहिले. त्यांनीही तो टळला नाही. ताक प्यावं, छान लागतं म्हणून.

असं मोजून बघण्याची रीत या पट्ट्याला परकी नाही. लोणावळ्यात १९२४ साली कैवल्यधाम काढणाऱ्या स्वामी कुवलयानंदांनी योगाच्या क्रिया एक्स-रे आणि दाबमापकाखाली घालून तपासल्या. निसर्गोपचारावर श्रद्धा असलेल्यांनी त्यांच्याकडून निदान एवढं घ्यायला हरकत नव्हती.

काही इलाज तर साफ मोडीत काढावे लागतात. तान्ह्या बाळाच्या तोंडात पांढरे चट्टे आले की टाकणखाराची लाही मधात कालवून चाटवत. टाकणखार बाळाला विषारी आणि वर्षाच्या आत मध द्यायचाच नसतो, म्हणून ती वाटी आता उचलून ठेवावी. आणि दुकानदाराने ‘सगळ्यावर चालतं’ म्हणून दिलेलं, स्टिरॉइड मिसळलेलं मलम त्याहून वाईट. दोन दिवसांत खाज जाते, दोन महिन्यांत गजकर्ण कंबरभर होतं. अशी स्टिरॉइडची मलमं डॉक्टरच्या चिठ्ठीशिवाय देऊ नयेत, असा नियम सरकारने २०१८ साली केला. चिठ्ठी कोण मागतं हा प्रश्न निराळा.

पण ज्या तक्रारीत यीस्ट बऱ्याचदा खरंच असतं, ती कागदावर कोणी लिहीत नाही आणि चारचौघांत बोलत नाही. अंगावरून पांढरं जाणं, खाज, आग. चारपैकी तीन बायकांना आयुष्यात एकदा तरी यीस्टचा हा त्रास होतो, असं सांगतात. तिथेही अंदाज फसतो. अमेरिकेत ‘मला यीस्टच झालंय’ असं स्वतःच ठरवून दुकानातून औषध घेणाऱ्या बायकांना तपासलं, तर जेमतेम तिघींपैकी एकीला निव्वळ यीस्ट निघालं. बाकीच्यांची दुखणी वेगळी, म्हणजे औषधही वेगळं. आणि साखरेचा संबंध लागतो तो इथे : ताटातल्या साखरेपेक्षा रक्तातल्या साखरेशी. मधुमेह आटोक्यात नसेल तर यीस्टचं फावतं. मधुमेहाच्या डापाग्लिफ्लोझिनसारख्या नव्या गोळ्या साखर लघवीतून बाहेर काढतात, तेव्हाही खाजेच्या तक्रारी वाढतात, पुरुषांतसुद्धा. काकांनी पेल्यात थुंकायला नकार दिला ते ठीकच, पण त्यांनी रक्तातल्या साखरेची एचबीएवनसी तपासणी करून घ्यायला हरकत नव्हती.

आता राहिला निसर्ग. तळेगावहून पुण्याची लोकल धरली की घोरावाडी, बेगडेवाडी, देहूरोड, आकुर्डी, चिंचवड आणि मग पिंपरी. तिथे १९५४ साली हिंदुस्थान अँटिबायोटिक्स हा सरकारी कारखाना निघाला, देशाला पेनिसिलिन पुरवण्यासाठी. अँटिबायोटिक जिवाणू मारतं, यीस्टला हात लावत नाही. मैदान मोकळं झालं की यीस्टचं फावतं. म्हणजे यीस्टला वाट करून देणारी औषधं तिथे तयार होत होती. त्याच आवारात एम. जे. तिरुमलाचार हे बुरशीशास्त्रज्ञ मातीतले सूक्ष्मजीव पारखत होते आणि १९६१च्या सुमारास त्यांच्या गटाने बुरशी मारणारं हॅमायसिन शोधलं. ते तयार करणाऱ्या सूक्ष्मजीवाला नाव दिलं स्ट्रेप्टोमायसिस पिंपरिना. पिंपरीचं नाव विज्ञानाच्या लॅटिनमध्ये गेलं ते असं. न्यूयॉर्क राज्याच्या आरोग्य खात्यातल्या एलिझाबेथ हेझन आणि रेचल ब्राउन यांनी त्याआधी, १९५० साली, निस्टॅटिन जगापुढे आणलं होतं. तेही व्हर्जिनियातल्या एका शेतातल्या मातीतून. १९६६च्या पुरानंतर फ्लॉरेन्समधल्या भिजलेल्या चित्रांवरची बुरशी काढायलाही ते वापरलं गेलं. बुरशीच्या पेशीच्या आवरणात एर्गोस्टेरॉल नावाचं द्रव्य असतं. ही औषधं त्याला धरतात आणि आवरणाला भोकं पाडतात. मातीतून आलेलं, याच लोकलच्या रस्त्यावर घडलेलं औषध काकूंच्या ‘नैसर्गिक’ रकान्यात मात्र नाही. त्याची जाहिरात हिरव्या पानाच्या चित्रासह कोणी केली नाही, एवढंच त्याचं चुकलं.

अखेर खाज सोसवेनाशी झाल्यावर काकू डॉक्टरीणबाईंकडे जातात. तपासणी होते, साखर मोजली जाते आणि फ्लुकोनॅझोलची दीडशे मिलीग्रॅमची एक गोळी लिहून दिली जाते.

“एकच?”

“एकच. गरोदर बाईला दिली नसती, तुमचा तो प्रश्न नाही. चार-पाच दिवसांत बरं वाटलं नाही तर या.”

काकूंचा चेहरा पडतो. इतक्या दिवसांची इडली, खजूर, चिकू, सगळं सोडून बसलेलं, आणि एक गोळी? “आणि पथ्य काय?”

“काही नाही. साखर तुमची ठीक आहे. सगळं खा.”

काकू खुर्चीवरून उठत नाहीत. बाहेर सात पेशंट खोळंबलेत. पथ्य न सांगणाऱ्या डॉक्टरवर उद्या सोसायटीत काय बोललं जाईल हे डॉक्टरीणबाईंना पुरतं ठाऊक आहे. त्या पेन उचलतात, चष्मा सावरतात, आणि चिठ्ठीच्या तळाला लिहितात : ‘लोणचं बेताने.’

“बघा, मला वाटलंच होतं,” असं म्हणून काकू समाधानाने उठतात.