विशेषणांना परवानगी नाही

निवृत्त बँकवाल्याच्या हाती मोकळा वेळ आणि लाल शाई एकदम देऊ नये. हैदराबादच्या अंबरपेठेत आमच्या गल्लीत असे एक काका होते. लग्नपत्रिका आली की आधी तिच्यातलं शुद्धलेखन तपासायचे, मग मुहूर्त बघायचे. त्यांना इंटरनेटवर ओपन डिरेक्टरी सापडली आणि काकू म्हणाल्या, “पुन्हा नोकरीला लागले. पगार तेवढा नाही.”

डीमॉझ हे तिचं दुसरं नाव आजच्या मुलांना सांगूनही कळत नाही. १९९८ च्या जूनमध्ये अमेरिकेत रिच स्क्रेंटा आणि बॉब ट्रुएल यांनी ती सुरू केली आणि वर्ष सरायच्या आत नेटस्केपने घेतली. जगभरच्या संकेतस्थळांची विषयवार यादी करायची, आणि ती करायची हौशी माणसांनी, फुकट! पक्षी, बुद्धिबळ, आगगाड्या असे विभाग सांभाळणारे सुखात असत. काकांनी मागून घेतला पैशांचा विभाग. बुद्धिबळावर साइट काढणाऱ्याला बुद्धिबळ आवडत असतं, बाकी त्याचं काही म्हणणं नसतं. कर्जावर साइट काढणाऱ्याला आवडतो तो तुमचा फोन नंबर.

नियम सोपे होते. शीर्षकात फक्त संस्थेचं नाव, वर्णनात फक्त काम. एकदा काका तपासणी करत असताना मी शेजारी बसून पाहिलं. यादीत येऊ पाहणाऱ्या एका साइटचा मजकूर आला होता : ‘भारतातील सर्वोत्तम, सर्वात विश्वासार्ह, झटपट विनातारण कर्ज! आजच अर्ज करा!!’ काकांनी ‘भारतातील सर्वोत्तम’ खोडलं. ‘सर्वात विश्वासार्ह’ खोडताना “कुणाला?” एवढंच पुटपुटले. ‘झटपट’ गेलं, ‘आजच अर्ज करा’ गेलं, तिन्ही उद्गारचिन्हं गेली. उरलं ‘विनातारण कर्ज’. मग ते साइटच्या तळाशी गेले. पत्ता नाही, परवान्याचा उल्लेख नाही. कर्ज देणारी संस्था ही नव्हेच. दुसऱ्याच्या दारात गिऱ्हाईक सोडून कमिशन घेणारी. डिरेक्टरीत असल्यांना जागा नव्हती. शिवाय हाच मजकूर, हाच फोन नंबर आणि वेगळा रंग अशी आणखी भावंडं रांगेत उभी होतीच. काका चहा थंड करून सगळ्यांना एकेक करून निरोप देत.

रोबोझिला नावाचा एक यांत्रिक तपासनीस यादीतल्या दारांवर टकटक करत फिरे. दार उघडलं नाही की खूण करून ठेवी. पण दार उघडलं आणि आत गुंतवणूक सल्लागाराऐवजी जुगाराचा अड्डा निघाला, तर ते त्याला उमगत नसे. मुदत संपलेलं नाव उचलून तिथे भलतंच दुकान थाटण्याची पद्धत पैशांच्या विभागात फार. तेव्हा काका जुन्या नोंदीही पुन्हा पुन्हा उघडून बघत.

गल्लीतल्या चिट्टीवाल्याने, म्हणजे चिट फंड चालवणाऱ्याने, एकदा गळ घातली, “काका, आपल्या माणसाचं नाव जरा वर घ्या की.”

“निबंधकांचा परवाना आण. १९८२ चा कायदा आहे. आणि वर-खाली काही नसतं, वर्णानुक्रम असतो.”

त्याने नंतर काकांशी बोलणं सोडलं. काकू त्याच्याकडे चिट्टी भरत होत्या, त्यामुळे तो विषय घरातही फार निघाला नाही.

या काटेकोरपणाला मर्यादा होत्या हे काका जाणून होते. २००१ मध्ये हैदराबादेत कृषी को-ऑपरेटिव्ह अर्बन बँक बुडाली. नाव खरं, पत्ता खरा, परवाना खरा. यादीत ती बिनदिक्कत बसली असती. ठेवीवर विमा तेव्हा एक लाखापर्यंतच होता. पाच लाख व्हायला २०२० साल उजाडलं. संपादकाला पाटी तपासता येते, तिजोरी नाही, असं काका म्हणत आणि तरी पाटी तपासत राहत. मला यातच त्यांचं मोठेपण वाटतं. नुसता विक्षिप्तपणा म्हणणारेही गल्लीत पुष्कळ होते.

१७ मार्च २०१७ ला डिरेक्टरी बंद झाली. तेव्हा तीत अडतीस लाखांवर संकेतस्थळं होती आणि नव्वद हजारांहून जास्त संपादकांनी तीत कधी ना कधी हात घातलेला होता. आता असली कामं सरकारी पातळीवर चालतात. रिझर्व्ह बँकेने बँकांना ३१ ऑक्टोबर २०२५ पर्यंत ‘डॉट बँक डॉट इन’ या पत्त्यावर यायला सांगितलं. कर्ज देणाऱ्या ॲपची यादीही त्याच वर्षी प्रसिद्ध झाली. संस्थांनी कळवली तशीच ती छापली जाते, रिझर्व्ह बँक स्वतः पडताळत नाही. काकांना त्यात वर्षभराचं काम सापडलं असतं.

आपण एक करा. सोसायटीच्या ग्रुपवर ‘खात्रीशीर दुप्पट’चा मजकूर आला, की पुढे ढकलण्याआधी त्यातली विशेषणं आणि उद्गारचिन्हं खोडा. मग संस्थेचं नाव, पत्ता आणि परवाना क्रमांक उरतो का बघा. नसेल उरत, तर कृपा करून पाठवू नका.