दोन चांदण्यांची नोंद

सोलापूरच्या भवानी पेठेत मागांचा खडखडाट अचानक थांबला की आधी कान दचकतात. लाइट गेल्याचं डोळ्यांना मागाहून कळतं. अशाच एका संध्याकाळी माझ्या प्रोग्रामिंगच्या क्लासमधल्या मुलीनं विचारलं, "सर, रेंडु चुक्कलु म्हणजे काय?" मला ऐकू आलं 'चुकलं'. म्हटलं, चुकलं तर चुकलं, परत टाइप कर. पोरगी खुदकन हसली. तिच्या घरी तेलुगू. चुक्क म्हणजे चांदणी, आणि तिला पायथनच्या फंक्शनमध्ये कंसात बसलेल्या ** या दोन चांदण्यांबद्दल विचारायचं होतं.

तिची अडचण खरी होती. शब्द अडला तर कोश उघडावा. चिन्ह अडलं तर कुठल्या अक्षराखाली शोधणार? पायथनच्या अधिकृत सूचीत चिन्हांचं वेगळं पान आहे, पण ते आहे हे आधीच ठाऊक असलेल्यालाच सापडतं. शेवटी मीच मराठीत टिपणं लिहायला बसलो.

एक चांदणी सोपी गेली. लग्नपत्रिकेत 'सहकुटुंब, सहपरिवार, इष्टमित्रांसह' छापलं की किती येतील ते यजमानाच्या हातात राहत नाही. येतील तसे रांगेनं पंगतीला बसवायचे. दोन चांदण्या म्हणजे आहेराची वही. नुसती रक्कम चालत नाही, रकमेअलीकडे नाव हवंच, आणि एकच नाव दोनदा आलं तर पायथन वही मिटून भांडायला उठतो. पुस्तकांतली 'आर्ग्ज' आणि 'क्वार्ग्ज' ही नावं निव्वळ रिवाजाची, काम सगळं चांदण्यांचं. मी सरळ 'पाहुणे' आणि 'आहेर' लिहिलं. पायथन ३ नं देवनागरी नावं निमूट चालवून घेतली. पोरंच जास्त हसली.

एकटीच, नावाशिवाय बसलेली चांदणी २००८ च्या ३.० आवृत्तीत आली. तिच्या पुढच्यांनी नाव सांगूनच आत यायचं. २०१९ च्या ३.८ मध्ये तिरकी रेघ आली, तिचं उलटं: रेघेअलीकडच्यांना नावानं हाक मारायचीच नाही. वरपक्षाकडचे ज्येष्ठच म्हणा ना. पहिल्या रांगेत गुपचूप बसवावं. नाव विचारलंत की रुसले.

खरी फजिती @ नं केली. शेजारच्या टॉवेलवाल्या काकांनी कागद पाहिला आणि म्हणाले, "दर लिहायचा राहिला की बे." त्यांच्या बिलात @ म्हणजे दर, त्यापुढे रुपये नसतील तर माणूस बुडाला. त्यांना २००४ च्या २.४ आवृत्तीतलं डेकोरेटर काय सांगणार? फॉल-पिकोचं सांगितलं. साडी दुकानात द्यायची, परत येते ती त्याच नावानं, पण काठाला फॉल लागलेला. एकाखाली एक दोन @ असले तर साडीच्या लगतचा आधी हात घालतो, वरचा मागून.

"आणि चिठ्ठी?" काकांनी विचारलं. धंद्यातला माणूस बरोबर दुखऱ्या जागी बोट ठेवतो. दुकानदारानं तुमची चिठ्ठी काढून स्वतःची लावली, तर परत आलेल्या दहाही साड्यांवर एकच नाव. फंक्शनचंही तसंच होतं: हाक त्याच नावानं, पण चिठ्ठीवरचं नाव जातं, आत लिहिलेलं माहितीचं टिपणही जातं, आणि मदत मागायला जावं तर भलत्याचीच ओळख करून दिली जाते. त्यासाठी 'फंक्टूल्स'मध्ये 'रॅप्स' आहे; ते जुनी चिठ्ठी नव्या घडीवर परत चिकटवतं. गंमत अशी, की तेही @ लावूनच वापरायचं. इथं काकांनी चहा मागवला.

टिपणं संपल्यावर मागं सूची जोडली. मुलीनं 'च' उघडून चांदणी पाहिली आणि म्हणाली, "सर, चुक्क पण लिहा की." लिहिलं. मग काकांसाठी 'द'खाली एक ओळ घातली: 'दर: फॉल-पिको पाहा.'